पावणेपाचची म्याव

आमच्या ठकीला घड्याळ कळत नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा पहाटे पावणेपाचला माझ्या जागी झोपून बघावं. आधी नुसतं चाचपायला एक बारीक "मॅव", मग "म्याऽव", आणि तरी मी मेल्यासारखा पडून राहिलो की थेट कानात "म्याऽऽवँ", तेही पंजा माझ्या पापणीवर ठेवून. नखं आत असतात, तेवढी माया आहे.

उठून बघावं तर वाटी भरलेली, पाणी आहे, शी-शूचा ट्रे साफ. मग काय हवंय बाई तुला? तर मी वाटीपाशी उभं राहायचं, ती दोन दाणे खाणार आणि मागे वळून बघणार, मी पळालो तर नाही ना!

गंमत म्हणजे मोठी मांजरं एकमेकांशी म्याव म्याव फारशी करतच नाहीत. पिल्लं आईला हाका मारतात, मोठेपणी आपापसात शेपटी, कान, वास यावर भागतं. म्याव राखून ठेवलंय ते आपल्यासाठी, शेपटी वाचायची अक्कल आपल्याला नाही ना. आणि घुरघुर तर त्याहून डांबरट! २००९ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी दाखवून दिलं की खायला मागताना काही मांजरं घुरघुरीत एक रडका सूर मिसळतात, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. एवढ्या तयारीच्या कलाकारापुढे मी काय टिकणार.

व्हेटकडेही नेऊन आणलं, कारण वय झालेलं मांजर अचानक जास्त ओरडायला लागलं तर थायरॉईड, बीपी, कमी ऐकू येणं, काहीही असू शकतं. (बोका ट्रेमध्ये बसून ओरडतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर मात्र लेख वाचत बसू नका, ताबडतोब पळा.) ठकीचं ऑपरेशन झालंय म्हणजे माजाचं ओरडणंही नाही. वजन, दात, रक्त सगळं तपासलं, तिथे बाईच्या तोंडून चकार शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे, ओरडली की तुम्ही उठता का?

उठतो. म्हणजे एकदा निर्धार करून चाळीस मिनिटं पडून राहिलो होतो, एकेचाळिसाव्या मिनिटाला उठलो, आणि तिने त्यातून एवढाच बोध घेतला की आता रेट चाळीस मिनिटं झालाय. आई म्हणाली, "अरे, तूच शिकवलंस की तिला."

मग रात्री खेळवून दमवायचं, नंतर जेवण, आणि पहाटेसाठी टायमरवर दाणे टाकणारं मशीन, असा डॉक्टरांचा तोडगा सुरू केला. आता ती पावणेपाचला मशीनसमोर बसून ओरडते. मशीन ढिम्म, त्याची वेळ पाचची. दहा मिनिटं त्याच्यावर ओरडून झालं की येते माझ्याकडे, पापणीवर पंजा ठेवते आणि त्याची तक्रार सांगते.