हायड्रोजनला नावं ठेवताना

आमच्याकडे बारशाला बाळ पाळण्याखालून देता-घेताना बायका म्हणतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.’ गेली दोन वर्षं मी प्रयोगशाळेत हेच करतोय. फक्त माझ्या पाळण्यात दर वेळी जुळं असतं.

एनएमआरनं (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपायची पद्धत) प्रथिनाची रचना काढायची तर आधी एकेका हायड्रोजनला नाव द्यावं लागतं. बहुतेक अमिनो आम्लांच्या बीटा कार्बनवर दोन हायड्रोजन. वर्णपटात एक २.८ला दिसतो, एक ३.१ला, पण त्यातला एचबी-२ कुठला नि एचबी-३ कुठला, हे पीकवर, म्हणजे वर्णपटातल्या शिखरावर, लिहिलेलं नसतं. (मी फोनवर सारखा पीक-पीक करतो, त्यामुळे आजीला वाटतं, पोराचं लक्ष अजून शेतीत आहे.) ल्युसिन या अमिनो आम्लाच्या दोन मिथाइलांचंही (एक कार्बन, तीन हायड्रोजन; नावं सीडी-१ नि सीडी-२) तेच रडगाणं.

एका रात्री, तिसऱ्या चहानंतर, मला ४७व्या जागेवरच्या ल्युसिनबाबत साक्षात्कार झाला. ०.७ वाला सीडी-१, ०.९ वाला सीडी-२. कशावरून? चेहऱ्यावरून. कॅल्क्युलेशन लावलं आणि घरी जाऊन गाढ झोपलो.

सकाळी बघतो तर प्रोग्रामनं काढलेल्या २० पैकी १८ रचनांत ल्युसिन लग्नाच्या फोटोतल्या मागच्या रांगेतल्या काकांसारखा मान वाकडी करून उभा. दोन हायड्रोजन साधारण ५ अँग्स्ट्रॉमच्या (एक म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आत असले तरच एनओई, म्हणजे शेजाराची खूण सांगणारा संकेत, दिसतो. मी भलत्याच मिथाइलला शेजारच्या फेनिलॲलनिनशी बांधलं होतं.

सर आले. “ही नावं कुणी ठेवली?”

“मी.”

“माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं की रे!”

तसं म्हणायची रीतसर सोय आहे. एनएमआरचे शास्त्रज्ञ वुथरिख यांच्या गटानं १९८३ मध्येच स्यूडोॲटम आणले. दोघांच्या मधोमध एक काल्पनिक बिंदू धरायचा, अंतराच्या मर्यादेची दोरी त्याला बांधायची आणि वर थोडी सैल सोडायची. ल्युसिनच्या मिथाइल जोडीला तब्बल २.४ अँग्स्ट्रॉम. म्हणजे पत्ता विचारला तर ‘स्वारगेटच्या आसपास कुठेतरी’. वुथरिखना पुढे २००२ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हटल्यानं कुणाचं अडत नसावं.

पक्की रीतही आहे, १९८९ची. १० टक्के कार्बन-१३ (जड कार्बन) ग्लुकोजवर जिवाणू वाढवायचे. जोडीतला प्रो-आर मिथाइल डबलेट (जोडशिखर) दिसतो, दुसरा, प्रो-एस, सिंगलेट (एकच शिखर). वादच मिटला. पण त्याला नवं सॅम्पल लागतं, आणि सर म्हणाले, “आधी आहे त्यात भागव.”

मग मी सगळ्या जोड्यांची नावं काढली. आईला फोनवर तेवढंच सांगितलं, तर केवढी खूश झाली ती.

आता दोन्ही मिथाइल मोकळे सोडले. प्रोग्रामच मधूनमधून त्यांची अदलाबदल करून बघतो आणि जिथे ऊर्जा कमी, तिथे ठेवतो. काकांची मान सरळ झाली. १९ रचनांत माझ्या गोविंदाचा गोपाळ झाला होता. ऊर्जा सगळ्यात जास्त म्हणून यादीत तळाला गेलेल्या विसाव्या रचनेत मात्र माझंच म्हणणं टिकलं होतं.

तेवढीच रंगीत छापून टेबलासमोर लावली आहे.