डांबरीवर गोल फेऱ्या मारून फोर बाय फोर लागत नसतो

‘फोर बाय फोर लागत नाही? गॅरेजला जाऊ नका, घरीच करा’ असा एक मेसेज सध्या ऊसवाहतुकीच्या आणि डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सात मुद्दे, प्रत्येकापुढं हिरवी खूण आणि खाली ‘प्रत्येक पिकअपवाल्यापर्यंत पोचवा’. लोकांनी पोचवला. मोहोळकडच्या माझ्या मावसभावापर्यंत आला आणि त्यानं त्यातला दुसरा उपाय लगेच करूनही टाकला. मला फोन आला तो त्यानंतर. ‘दादा, आता गाडी टू-एचमध्येच येईना.’ म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना जाते त्या नेहमीच्या स्थितीत परत येईना. आधी विचारलं असतं तर वायरी जोडणारा एक कपलर साफ करून काम भागलं असतं. माझं आयुष्य गाड्यांच्या खाली चाललंय, म्हणून या मेसेजला उत्तर देणं मला भाग आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, व्ही-क्रॉस, हायलक्स या आपल्याकडं दिसणाऱ्या पिकअपना पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह असतो. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावलं की ट्रान्सफर केसमधली (ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या डब्यातली) दातेरी स्लीव्ह सरकते आणि पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलकडं ताकद नेणारे दोन प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांच्या मध्ये डिफरन्शियल (वेगातला फरक सामावून घेणारी गिअरची जोडणी) नसतो, त्यामुळं दोन्ही शाफ्टना एकाच वेगानं फिरावं लागतं. हे ज्याला कळलं त्याला हा मेसेज किती घातक आहे ते पुढचं न वाचताही कळेल.

तर तो दुसरा मुद्दा. ‘सिमेंटच्या किंवा डांबरी रस्त्यावर फोर-एच लावा, स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि गोल फेऱ्या मारा. कट-कट आवाज आला की लॉक बसला समजा.’ हे ज्यानं लिहिलं त्यानं ट्रान्सफर केस कधी उघडलेला नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. व्हीलबेस ३ मीटर धरा आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय असं धरा. मग पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य साधारण ५.८ मीटर त्रिज्येवर जातो. एका पूर्ण फेरीत मागची चाकं ३१ मीटरच्या आसपास चालतात आणि पुढची ३६ च्या वर. पाच मीटरचा फरक, म्हणजे अशा पिकअपच्या टायरच्या दोन पूर्ण फेऱ्या. शाफ्ट तर एकमेकांना बांधलेले. हा फरक जाणार कुठं? चिखलात, वाळूत, नांगरटीत टायर थोडा घसरतो आणि ताण मोकळा होतो. कोरड्या सिमेंटवर टायर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टमध्ये, शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये (आपण क्रॉस म्हणतो तो), पुढच्या चाकांजवळच्या सीव्ही जॉइंटमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठत जातो. शेवटी टायर झटक्यानं सुटतो किंवा जॉइंट तुटतो. कट-कट आवाज येतो तो त्याचाच.

शिवाय ताण साठला की स्लीव्हचे दात एकमेकांवर इतके दाबले जातात की शिफ्ट फोर्कला ती सरकवता येत नाही. म्हणून भावाची गाडी टू-एचमध्ये येईना. मागच्या प्रोपेलरचा एक क्रॉस हलवून बघितला तर टोपीत बेअरिंगच्या सुया कोरड्या वाजत होत्या. क्रॉस बदलावा लागला, आणि मूळ दुखणं तिथल्या तिथंच राहिलं होतं.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह वापरू नका, ही सूचना पार्ट-टाइम पिकअपच्या मॅन्युअलमध्ये असतेच. गाडी ज्यांनी बनवली त्यांनी लिहिलेलं पुस्तक बाजूला ठेवून निनावी मेसेजवर आपण लाखोंची गाडी पणाला लावायची, हे मला पटत नाही.

या मुद्द्यात एक अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. मेसेजमध्ये पुढं लिहिलंय, ‘नाही सुटलं तर गाडी मागं घ्या.’ ताण साठलेला असेल तर स्टेअरिंग सरळ ठेवून काही मीटर मागं घेतल्यावर दात मोकळे होतात आणि टू-एच लागतं. फोर-एच लावतानाही दात समोरासमोर आले नाहीत तर डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा काही सेकंद लुकलुकतो आणि गाडी सरळ, हळू चालवली की स्थिर होतो. यात बिघाड काही नाही. पण सरळ आणि हळू. स्टेअरिंग वळवून नव्हे.

पहिला मुद्दा: ‘दिवा लुकलुकतोय म्हणजे ट्रान्सफर केस गेला.’ चूक. दिवा लुकलुकत राहिला तर एवढंच कळतं की कंट्रोल युनिटनं हुकूम दिला आणि काम पूर्ण झाल्याची खूण परत आली नाही. हुकूम कुठं अडला ते आपण शोधायचं असतं आणि त्यासाठी केस उघडायची गरज सहसा लागत नाही. आधी बॅटरी बघा. उभ्या गाडीत चांगल्या भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे. मरगळलेली बॅटरी असेल तर स्लीव्ह सरकवणारी शिफ्ट मोटर अर्ध्यात थांबते. मग फ्यूज आणि रिले. मग इंजिन बंद, चावी ऑन, एकानं आत बसून फोर बाय फोरचा नॉब फिरवायचा आणि दुसऱ्यानं ट्रान्सफर केसजवळ कान लावायचा. मोटरचा घर्र आवाज आला तर वीज तिथपर्यंत पोचतेय, दुखणं पुढं आहे. आवाजच नसेल तर वायरिंग, कपलर नाहीतर मोटर. स्कॅनर असेल तर बिघाडाचा कोड वाचून घ्या, पण कोड आला म्हणून पार्ट बदलायला धावू नका. त्या सर्किटमध्ये तक्रार आहे एवढंच कोड सांगतो.

भावाच्या गाडीत मोटर गप्प होती. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा ही गाडी वस्तीवरच्या पाण्यातून बरीच फिरली होती. मोटरचा कपलर काढला. आतलं रबरी सील जागेवर नव्हतं, दोन पिनांवर हिरवट थर चढला होता आणि एक पिन नखानं खरवडली तर निम्मी पूड होऊन हातात आली. पिना साफ केल्या, ती एक बदलली, नवं सील बसवलं. नॉब फिरवला, मोटर वाजली, दिवा स्थिर झाला.

दिवा स्थिर झाला म्हणजे पुढच्या चाकांना ताकद पोचलीच, असंही धरू नका. याची एक तपासणी आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीत असती तर बाकीचं लिहायची वेळ आली नसती. गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन चालू करून फोर-एच लावा आणि इंजिन बंद करा. मग पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला आणि चेसिसखाली पक्के स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मी स्वतः जात नाही. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवून बघा. ट्रान्सफर केस जोडला गेला असेल तर तो फिरणार नाही, कारण तो मागच्या शाफ्टला बांधलेला आहे आणि मागची चाकं जमिनीवर आहेत. मोकळा फिरला तर दोष ट्रान्सफर केसमध्ये नाहीतर त्याच्या मोटरमध्ये.

शाफ्ट घट्ट आहे? मग एक पुढचं चाक हातानं फिरवा. दुसरं चाक उलट दिशेनं फिरलं तर पुढचा अ‍ॅक्सल जोडलेला आहे. दुसरं चाक जागेवरच राहिलं तर चाकाचा हब किंवा अ‍ॅक्सल जोडणारा अ‍ॅक्च्युएटर (जोडणी सरकवणारा भाग) काम करत नाहीये. ज्या गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालतं त्यांत बहुतेक वेळा एखादी रबरी नळी तडकलेली सापडते. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात इंजिनजवळच्या नळ्या बिस्किटासारख्या तुटतात. नळीची किंमत आणि ट्रान्सफर केसची किंमत यांतला फरक तुम्हीच बघा.

चौथा मुद्दा वाचून तर मी फोन खाली ठेवला. ‘मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट दोन वायरी द्या, लगेच लागतं.’ शिफ्ट मोटर कुठं थांबायचं ते स्वतः ठरवत नाही. जागा पोचली की पोझिशन सेन्सर कळवतो आणि कंट्रोल युनिट करंट तोडतं. तुम्ही डायरेक्ट दिला तर तोडणारं कुणी नाही. मोटर शेवटच्या टोकाला जाऊन अडते, गरम होते, वाइंडिंग जळतं. याहून वाईट म्हणजे स्लीव्ह मध्येच थांबून ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहू शकतो. तेव्हा गिअरबॉक्सचा कुठल्याच चाकाशी संबंध उरत नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवा नाहीतर ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, उतारावर ती घरंगळते. आणि तेव्हा खाली कोण असतं? वायर धरलेला माणूसच. हा मुद्दा पुढं पाठवणाऱ्यांनी एवढं तरी डोळ्यांपुढं आणावं.

तिसरा मुद्दा ट्रान्सफर केसमध्ये १४० नंबर ऑइल भरण्याचा. नका भरू. इलेक्ट्रिक शिफ्टच्या बऱ्याच ट्रान्सफर केसना पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना गिअर ऑइल. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. जाड ऑइलनं शिफ्ट जड होते आणि जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचत नाही.

पाचवा: ‘लावूच नका, म्हणजे टिकतं.’ उलट आहे. टोयोटाच्या पार्ट-टाइम पिकअपच्या मॅन्युअलमध्ये महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालवा असं सांगितलंय, पुढच्या भागांना ऑइल मिळावं म्हणून. शेताचा कच्चा रस्ता, पाऊस पडून गेलेली पाणंद, यासाठी उत्तम.

सहावा: ‘पुढं जुने, मागं नवे टायर चालतात.’ टू-एचमध्ये एकवेळ निभावेल. फोर-एचमध्ये ५ मिलिमीटर जास्त झिजलेला टायर दर फेरीला ३ सेंटिमीटर कमी चालतो, किलोमीटरमागं साधारण १३ मीटर. वर सांगितलेला ताण मग सरळ रस्त्यावरही साठतो. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि हवा मॅन्युअलप्रमाणं.

सातवा: ‘चिखलात चारही चाकं फिरली नाहीत म्हणजे बिघाड.’ डिफरन्शियल लॉक नसेल तर रेगडीत पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरेल आणि गाडी जागेवर रुतत जाईल. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घालणाऱ्या कुणालाही विचारा. फोर बाय फोर ठीक आहे, फक्त निसरड्या बाजूचं चाक आधी सुटतं. आणि फोर-एल (कमी वेगाचा, जास्त ओढीचा फोर बाय फोर) लागत नाही म्हणून जे गाडी घेऊन येतात त्यांतल्या कित्येकांच्या गाडीत बिघाड काहीच नसतो. त्यांनी ती पूर्ण थांबवलेली नसते किंवा गिअर न्यूट्रल केलेला नसतो. फोर-एलला उभी गाडी, ब्रेक दाबलेला आणि न्यूट्रल लागतं.

ज्यांनी गोल फेऱ्या मारून झाल्यात त्यांनी हे करा. गाडी फोर-एचमध्ये अडकली असेल तर सरळ मागं घेऊन सोडवा. प्रोपेलरचे क्रॉस हातानं हलवून लूज बघा, पुढच्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटलेत का बघा. ट्रान्सफर केसचं थोडं ऑइल काढा. दुधी दिसलं तर पाणी गेलंय, सगळं बदलायचं आणि त्याबरोबर दोन्ही डिफरन्शियलचंही बघायचं. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर थोडी करडी पूड चालते. धातूचे तुकडे सापडले तर गाडी टू-एचमध्येही पळवू नका, केस उघडून आत काय झालंय ते बघितल्याशिवाय माल भरू नका.