लहान झुरळ म्हणजे मोठ्या झुरळाचे पिल्लू नव्हे

स्वयंपाकघरातील लहान झुरळे ही गटारातील मोठ्या झुरळांची पिल्ले असतात, ती खाणे शोधत जाळीतून वर येतात, म्हणून जाळी रोज रात्री झाकून ठेवली की महिनाभरात घरातील झुरळे संपतात, असा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. पांढरे झुरळ विषारी असते आणि झुरळ चिरडले तर त्याची अंडी घरभर पसरतात, अशा दोन पुरवण्याही त्याला जोडलेल्या असतात. जाळी झाकण्यात गैर काहीच नाही. पण संदेशातील निदानच चुकलेले असल्यामुळे त्यावर विसंबणारा माणूस महिनाभर भलत्याच दारावर पहारा देत बसतो.

पहिला मुद्दा 'पिल्लां'चा. झुरळाला कोषावस्था नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू साधारण मोठ्या झुरळासारखेच दिसते, कात टाकत वाढते, पूर्ण पंख त्याला शेवटची कात टाकल्यावरच येतात आणि तिथेच त्याची वाढ थांबते. त्यामुळे पाठ पंखांनी झाकलेले जेमतेम दीड सेंटिमीटरचे झुरळ हे कोणाचे पिल्लू नसून पूर्ण वाढलेले, बहुतेक वेळा जर्मन जातीचे झुरळ असते. मेलेले झुरळ कागदावर घेऊन उजेडात पाहिले, तर डोके ज्या ढालीखाली दडलेले असते तिच्यावर दोन काळसर उभे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. ही या जातीची खूण. अमेरिकन झुरळाचे तेवढ्याच लांबीचे पिल्लू शेजारी ठेवले, तर ते तांबूस तपकिरी असते, त्याच्या ढालीवर हे दोन पट्टे नसतात आणि पाठीवर पंखही नसतात. तेच वाढून सुमारे 4 सेंटिमीटरचे होते, आणि मग त्याच्या ढालीच्या कडेने पिवळसर किनार दिसते. पंखांच्या या कसोटीला एक अपवाद आहे: काळ्याभोर ओरिएंटल झुरळाच्या मादीला पूर्ण वाढ झाल्यावरही पंखांचे नुसते खुंट असतात.

(या नावांवरून त्यांचे मूळ गाव मात्र शोधू नये. अमेरिकन झुरळ मूळचे आफ्रिकेचे. जर्मन झुरळाला लिनीयस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1767 मध्ये हे नाव दिले खरे, पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळे झाले.)

दुसरा मुद्दा गटाराचा, आणि संदेशाचे खरे नुकसान इथेच होते. अमेरिकन झुरळ सांडपाण्याच्या वाहिन्यांमध्ये राहते आणि तिथून घरात शिरते, हे खरे आहे; ओरिएंटल झुरळालाही अशाच ओल्या, थंडाव्याच्या जागा आवडतात. या दोघांपुरता जाळीचा उपाय योग्य आहे. जर्मन झुरळ मात्र बाहेरून रोज ये-जा करत नाही, ते घरातच बिऱ्हाड करते. खोकी, पिशव्या किंवा वापरलेली उपकरणे यांतून ते एकदा आत आले, की ऊब, पाणी आणि अन्न यांच्या अगदी जवळची फट धरते: सिंकच्या मागची, फ्रीजच्या मोटारीजवळची, कपाटाच्या बिजागरीतली. त्याची मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी पोटाला लावून फिरते, आणि उबेत ती पिल्ले दोनेक महिन्यांत स्वतः अंडी घालण्याच्या वयाची होतात. अशा घरात जाळी झाकली तरी झुरळे आतच राहतात. चौथी एक जात आहे, पंखांवर व पोटावर फिकट आडवे पट्टे असलेली. तिला पाण्याचीही फारशी ओढ नसते, आणि ती कपाटाच्या वरच्या खणात, तसबिरीमागे, विजेच्या उपकरणांत सापडते.

म्हणून जाळी झाकण्यापूर्वी चिकट सापळे तीन-चार ठिकाणी रात्रभर ठेवून कोणत्या सापळ्यात काय अडकते ते पाहणे अधिक उपयोगाचे. ज्या सापळ्यात पंख नसलेली बारीक पिल्ले सर्वांत जास्त सापडतात, त्याच्या आसपासच वस्ती असते, कारण पिल्ले लपण्याच्या जागेपासून फार दूर जात नाहीत. विष्ठाही जात सांगते: जर्मन झुरळाची मिरपुडीच्या बारीक कणांसारखी, अमेरिकन झुरळाची बोथट टोकांच्या छोट्या दंडगोलांसारखी.

पांढऱ्या झुरळाबद्दल फार लिहिण्याजोगे काही नाही. ते नुकतेच कात टाकलेले नेहमीचेच झुरळ असते; त्याचे नवे कवच काही तासांत कडक होते आणि गडद रंग धरते.

चिरडण्याबद्दलचा दावा पूर्ण खोटाही नाही. अंडी सुटी नसून कुपीत बंद असतात, त्यामुळे ती विखरून पसरण्याचा प्रश्न येत नाही, आणि कुपीच चिरडली गेली तर तीही नष्ट होतात. जर्मन मादीची कुपी पाण्यासाठी आईच्या शरीरावर अवलंबून असल्यामुळे लवकर सुटली तर बहुधा सुकून जाते. मात्र अंडी फुटण्याच्या बेतात असताना ती सुटली, तर पिल्ले बाहेर पडू शकतात. अमेरिकन मादी आपली कुपी लवकरच आडोशाला ठेवून मोकळी होते, आणि तिच्यातील 15 च्या आसपास अंड्यांना आईची गरज उरत नाही. तेव्हा मारलेले झुरळ उचलताना त्याच्या पोटाशी किंवा जवळपास सेंटिमीटरहून कमी लांबीची, छोट्या बटव्यासारखी तपकिरी कुपी राहिली आहे का, ते पाहून तीही चिरडून टाकावी.