मार्क ट्वेन माणसांचा वैरी नव्हता

गेले काही दिवस गोव्यात एक संदेश फोंड्यापासून पेडण्यापर्यंत फिरतोय. आमच्या वाचक मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर तो तीनदा येऊन गेला, एकदा तर ‘प्रत्येकाने जरूर वाचा’ असं वर लिहून. मजकूर थोडक्यात असा: जगाला हसवणारा अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मनातून माणसांचा द्वेष करायचा. ‘माणसं जितकी कळत जातात, तितका मला माझा कुत्रा आवडू लागतो,’ असं तोच म्हणून गेलाय. दिवाळं निघालं, मुलगी गेली, तेव्हापासून तो कडवट झाला. त्याला चांगलं दिसलं ते फक्त भारतात, असं म्हणून भारताच्या कौतुकाचं एक अवतरणही त्याच्या नावावर दिलंय. आणि शेवटी ठोकून दिलंय की विनोदी लेखक सगळे असेच, आतून माणूसघाणे.

गटावर मी लगेच चार ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून एका ज्येष्ठ वाचकांनी फोन केला, ‘असं चार ओळींत भागायचं नाही, नीट लिही.’ म्हणून हे.

आधी तो कुत्रा. हे वाक्य ट्वेनच्या पुस्तकांत नाही. मात्र याच्याहून बोचरं एक वाक्य त्यानं खरोखर लिहिलंय, आणि ते लपवून मला वाद जिंकायचा नाही. ‘पुडनहेड विल्सन’ या १८९४ च्या कादंबरीत एका प्रकरणाच्या माथ्यावर ते आहे: उपाशी कुत्र्याला उचलून आणा, खाऊपिऊ घाला, तो तुम्हाला चावणार नाही, कुत्रा आणि माणूस यांतला मुख्य फरक हाच. आता त्याच्या खालचं प्रकरण वाचा. रॉक्सी ही गुलामगिरीतून सुटलेली बाई मुलाचं कर्ज फिटावं म्हणून स्वतःला पुन्हा विकायला तयार होते. आणि तो मुलगा जन्मदात्या आईला मिसिसिपी नदीच्या खालच्या अंगाला विकून टाकतो, जिथल्या मळ्यांच्या नुसत्या नावानं गुलामांचा थरकाप उडायचा. ते वाक्य या मुलासाठी आहे. असं कृत्य समोर असताना ज्याची लेखणी तापत नाही, त्याला मी माणसांवर प्रेम करणारा म्हणणार नाही.

‘दुःखानं कडवट झाला’ हा मुद्दा लोकांना चटकन पटतो. पण सालं जुळत नाहीत. ‘हकलबेरी फिन’ ही त्याची कादंबरी अमेरिकेत आली १८८५ साली. तेव्हा ट्वेन हार्टफर्डच्या भल्यामोठ्या घरात राहत होता, बायको आणि तीन मुली भोवती होत्या, पैसा होता, नाव होतं. त्याच पुस्तकात दोन खानदानी घराणी मूळ कारण विसरून एकमेकांची पोरं मारतात, आणि फाशी द्यायला आलेला जमाव एका माणसाच्या चार शब्दांनी शेपूट घालून पांगतो. माणसाबद्दलचं त्याचं मत सुखाच्या दिवसांतच असं होतं.

आणि दुःखाच्या दिवसांत काय झालं? १८९४ साली त्याची प्रकाशन कंपनी बुडाली. अक्षरजुळणीच्या एका यंत्रात घातलेला पैसाही गेला. कायद्यानं त्याला सगळी रक्कम फेडायची सक्ती नव्हती. तरी साठीला टेकलेला हा माणूस १८९५ साली व्याख्यानं देत जगाच्या फेरीवर निघाला आणि १८९८ पर्यंत त्यानं सावकारांची पैन् पै चुकवली. फेरी संपते न संपते तोच, ऑगस्ट १८९६ मध्ये, थोरली मुलगी सूझी मेंदूज्वरानं गेली. वय चोवीस. बाप इंग्लंडमध्ये होता. त्याला तार मिळाली. त्यानंतरच्या सुतकी महिन्यांत लंडनला बसून त्यानं प्रवासाचं पुस्तक लिहिलं, ‘फॉलोइंग द इक्वेटर’. ते १८९७ साली निघालं. मुंबईच्या कावळ्यावरची धमाल पानं याच पुस्तकातली आहेत.

कावळे हॉटेलच्या सज्ज्याच्या कठड्यावर बसून त्याचे कपडे, केस, धंदा, राजकारण यांवर चर्चा करतात, आणि हा इतके दिवस फाशीवाचून राहिला कसा, असा प्रश्न त्यांना पडतो. या कावळ्याचे मागचे जन्मही ट्वेन सांगतो: जुगारी, खोटारडा, चोर, पैशासाठीचा देशभक्त, सुधारक, व्याख्याता, वकील. व्याख्याता! त्या फेरीत ट्वेन स्वतः दुसरं काय करत होता? आणि पुढच्या जन्मी हा कावळा बहुधा लेखक होऊन येईल, असंही तो म्हणतो. माणूसघाणा स्वतःला यादीतून वगळतो. ट्वेननं स्वतःला दोनदा घातलंय.

भारताच्या अवतरणाबद्दल फार लिहीत नाही. ‘मानवजातीचा पाळणा, वाणीची जन्मभूमी, इतिहासाची आई, दंतकथेची आजी’ हे शब्द त्याचेच. पण संदेशात त्याला जोडलेलं, मानवी इतिहासाची सर्वांत मोलाची साधनसामग्री फक्त भारतातच आहे, हे वाक्य ट्वेनचं नाही. ते संस्कृतपंडित मॅक्सम्युलरच्या ‘इंडिया: व्हॉट कॅन इट टीच अस?’ मधून आलंय. उलट ट्वेनच्या त्याच वाक्यातल्या चिंध्या, झोपड्या, दुष्काळ आणि रोगराई संदेशातून गळल्यात. आपल्याला आवडलं तेवढं ठेवलं, बोचलं ते काढलं. हा त्या लेखकावर अन्याय आहे, आणि आपल्या वाचनावरही.

भारतात त्याला खरंच काय दिसलं, हे पाहायचं तर त्याच पुस्तकातला एक प्रसंग घ्या. जानेवारी १८९६, मुंबई, वॉटसन हॉटेल. खोलीची व्यवस्था बघायला एक धिप्पाड जर्मन आलेला. सज्ज्याच्या दाराशी गुडघे टेकून एक नोकर दाराचं काहीतरी काम करत होता, आणि ते ठीकच करतोय असं दिसत होतं. जर्मनानं आधी त्याच्या तोंडात भडकावली, मग चूक काय ते सांगितलं. नोकर काही बोलला नाही, चेहऱ्यावर रागही आला नाही. ट्वेन लिहितो, असं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि तिथून ट्वेन थेट अमेरिकेतल्या मिसुरीला, आपल्या लहानपणात जातो. वडील अतिशय सरळ, न्यायी, मुलाला आयुष्यात दोनदाच हात लावलेले. पण घरातल्या लुईस नावाच्या गुलाम पोराला ते बारीकसारीक चुकांसाठी चापट्या मारायचे. दहा वर्षांचा असताना ट्वेननं पाहिलं, एका माणसानं चिडून गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचा गोळा फेकला. तासाभरात तो मेला. गावात कुणालाच ते पटलं नव्हतं, पण फारसं कुणी बोललं नाही.

हा उतारा मी एका रविवारी आमच्या सोप्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवला होता. लोहखनिज म्हटल्यावर सगळे एकदम गप्प झाले. खाणीवर आयुष्य काढलेले दोघे तिथे बसले होते, त्या दगडाचं वजन त्यांना हातानं माहीत. थोड्या वेळानं काकी म्हणाली, ‘ताणें आपल्या बापायकय सोडूंक ना.’ पण त्याच वडिलांबद्दल ट्वेन असंही लिहितो, की त्या चापट्या काळाच्या रीतीतून आल्या होत्या, स्वभावातून नव्हे. सोडलं नाही, आणि समजूनही घेतलं. द्वेष करणारा हे दुसरं कशाला करील?

उरला तो ‘सगळे विनोदी लेखक’वाला शेरा. सगळ्यांचं मी सांगत नाही, याचं सांगतो. १८८५ साली येल विद्यापीठात वॉर्नर मॅक्गिन नावाचा कायद्याचा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला भेटला. पोटासाठी तो पडेल ती कामं करून शिकत होता. ट्वेननं तिथल्या अधिष्ठात्यांना लिहिलं, की या लोकांचं माणूसपण आपण भरडून काढलंय, लाज त्यांची नाही, आपली आहे, आणि त्याची भरपाई आपणच केली पाहिजे. मुलाच्या राहण्याजेवणाचा खर्च त्यानं उचलला. मॅक्गिन पुढे बाल्टिमोरचा नामांकित वकील झाला. ते पत्र लोकांसमोर आलं १९८५ साली, ट्वेन जाऊन पंचाहत्तर वर्षं झाल्यावर.