फॉरवर्डमधले ४२ हजार आणि जेआरएफचे खरे नियम

भाचीने मेसेज पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : "सीएचबी चालू ठेवूनही घेता येते ना?" सीएचबी म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं; ते करत पीएचडीची फेलोशिप घेता येते का, हे तिने विचारलं नसतं तर असल्या फॉरवर्डला उत्तर देण्यात मी वेळ घालवला नसता.

मेसेज थोडक्यात असा : पीएचडीला नाव घाला, सरकार महिन्याला ४२,००० रुपये देतं. नेट (सहायक प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास झालात की फेलोशिप आपोआप लागते. पुढच्या महिन्यापासून पैसे खात्यात. कॉलेजातल्या तासिका चालूच ठेवा, कोणी विचारत नाही. पाच वर्षांत झालं नाही तर मुदत वाढवून मिळते. टॅक्स शून्य. गाइडला मिळणारी लाखोंची ग्रँट वेगळीच. "पाच वर्षांत २४ लाख, गरजूंपर्यंत पोहोचवा."

२४ लाखांचा हिशेब मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य करावं लागेल. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे, दर वाढले. पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००. २४ महिन्यांचे ८,८८,००० आणि ३६ महिन्यांचे १५,१२,००० मिळून बरोबर २४ लाख. वर घरभाडे भत्ता आणि कंटिंजन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे. पण हे कोणाला? ज्याच्या हातात जेआरएफचं अवॉर्ड लेटर आहे आणि जो पाचही वर्षं टिकला त्याला. पहिल्या दिवसापासून ४२,००० कोणालाच नाहीत.

पीएचडीचा प्रवेश ही वेगळी गोष्ट. राज्य विद्यापीठात पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) देऊन, मुलाखत देऊन प्रवेश मिळवणाऱ्याला यूजीसीकडून (विद्यापीठ अनुदान आयोगाकडून) त्या प्रवेशापोटी काहीही मिळत नाही, उलट फी भरावी लागते. केंद्रीय विद्यापीठात जेआरएफ नसलेल्यांना महिन्याला ८,००० मिळतात. २०२३ च्या वाढीत तो आकडा जागचा हलला नाही.

"नेट पास म्हणजे फेलोशिप" हा गोंधळ जुनाच आहे, जून २०२४ पासून तो वाढलाय. आता नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो. पहिला : जेआरएफ आणि सहायक प्राध्यापकपदाची पात्रता. दुसरा : सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश. तिसरा : फक्त पीएचडी प्रवेश. तिन्ही प्रकारांतली मुलं "क्वालिफाइड" म्हणून पेढे वाटतात, जेआरएफ मात्र पहिल्याच प्रकाराला. दुसऱ्या-तिसऱ्यात गुणांना प्रवेशात ७० टक्के वजन मिळतं आणि उरलेले ३० टक्के मुलाखतीचे. पैसे नाहीत. शिवाय जेआरएफला वयाची अट आहे : ३० वर्षं. महिला, एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो मुद्दा. "तासिका चालू ठेवा, कोणी विचारत नाही."

विचारतात. यूजीसीच्या जेआरएफ मार्गदर्शक सूचना उघडून वाचाव्यात, पानं फार नाहीत. फेलोशिप चालू असताना दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाहून पगार, मानधन, स्टायपेंड घेता येत नाही. तासिका तत्त्वावरचं मानधन हे मानधनच. "ते तर तासाचे पैसे आहेत" हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर चालेल, ऑडिटला चालत नाही.

हा समज आला कुठून तेही त्याच सूचनांत सापडतं. गाइड आणि विभागप्रमुखांच्या संमतीने फेलोने विभागाला मदत करावी अशी मुभा आहे : ट्यूटोरियल, चाचणीचे पेपर तपासणं, प्रयोगशाळेतली प्रात्यक्षिकं, फील्डवर्कवर देखरेख. मर्यादा आठवड्याला दहा तास, आणि संशोधनाला बाधा येता कामा नये. ही मदत आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. "फेलो शिकवू शकतो" एवढंच कोणीतरी ऐकलं आणि पुढचं गाळलं.

आणि पकडलं जातं कसं? बहुतेकदा लगेच नाही, चार-पाच वर्षांनी. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला माणूस फाइल घेऊन बसतो. फाइलमध्ये सीएचबीचं अनुभव प्रमाणपत्र असतं, समजा जुलै ते एप्रिल. त्याच फाइलमध्ये फेलोशिपचं पत्र असतं, त्यात तेच महिने. दोन्ही कागद त्यानेच मोठ्या हौसेने जोडलेले. समितीतल्या एकाने तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की संपलं. अनुभव लपवावा तर गुण जातात, दाखवावा तर फेलोशिपची वसुली मागे लागते. शिवाय "हा फेलो पूर्णवेळ काम करतोय" अशी खात्री विद्यापीठ दर महिन्याला देत असतं, म्हणजे गाइडही अडकतो. मेसेज लिहिणारा तेव्हा कुठल्या दुसऱ्या ग्रुपवर असेल.

नोकरी सांभाळून पीएचडी करायचीच असेल तर सरळ मार्ग आहे : अर्धवेळ पीएचडी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत ती आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. फक्त तिच्यावर जेआरएफ घेता येत नाही. दोन्हींपैकी एक निवडायचं.

"पुढच्या महिन्यापासून पैसे" याच्या भरवशावर नोकरी सोडणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. अवॉर्ड लेटर आलं की तीन वर्षांच्या आत पूर्णवेळ पीएचडीला रुजू व्हायचं. ऐकायला ही तीन वर्षं भरपूर वाटतात, पण खरी अडचण गाइडच्या जागांची असते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार, यापेक्षा जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. विभागातली प्राध्यापकांची पदं भरलेली नसतील तर गाइडच नसतात, आणि हातातलं पत्र जुनं होत जातं. म्हणून पत्र आल्या आल्या आधी मोकळी जागा असलेला गाइड शोधा, विषयावर घोळ नंतर घाला.

प्रवेश झाला की जॉइनिंग रिपोर्ट. त्यावर गाइड, विभागप्रमुख आणि विद्यापीठ अशा सह्या होतात. मग विद्यापीठातला एक कर्मचारी पोर्टलवर माहिती भरतो, त्याला मेकर म्हणतात, आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो, तो चेकर. त्यानंतर दर महिन्याला हजेरीची खात्री याच दोघांच्या हातून वर जाते. एखादा महिना ती राहिली की त्या महिन्याचे पैसे अडकले. आणखी काय बिघडतं? आधार कार्डावर आणि अवॉर्ड लेटरवर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं. बँक खातं आधारशी न जोडलेलं असणं. लग्नानंतर बदललेलं आडनाव. चेकर रजेवर जाणं. पैसे बुडत नाहीत, थकबाकी म्हणून एकत्र येतात, पण कित्येक महिन्यांनी. तोवर खोलीचं भाडं आपल्याच खिशातून जातं, म्हणून किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच नोकरी सोडावी. हा माझा सल्ला, यूजीसीचा नियम नव्हे.

घरभाडे भत्त्याचं एक कलम बऱ्याच जणांना माहीत नसतं. विद्यापीठाने वसतिगृह देऊ केलं आणि तुम्ही नाकारलं, तर घरभाडे भत्त्यावरचा हक्क जातो. "मला बाहेर राहायला आवडतं" हे कारण महिन्याला काही हजारांना पडतं.

"मुदत वाढते" हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पीएचडीच्या नोंदणीची मुदत वाढते. २०२२ च्या नियमांनुसार सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. फेलोशिपची मुदत मात्र पाचच वर्षं, वाढीची तरतूद नाही. प्रबंध आधी सादर केला तर त्याच तारखेला ती थांबते. दोन वर्षांनी तीन जणांची समिती काम तपासते. काम पटलं तरच एसआरएफ. नाही पटलं तर सुधारणेसाठी एक वर्ष जेआरएफच्याच दराने मिळतं, तेही याच पाचांतलं. तरीही सुधारणा नसेल तर फेलोशिप बंद.

टॅक्सचं : शिक्षणाच्या खर्चासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त, ही तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१६) खाली होती आणि जेआरएफला तिचाच आधार घेतला जातो. इथे मेसेज बरोबर आहे, ठीक.

गाइडच्या ग्रँटबद्दल लिहायचाही कंटाळा येतो. प्रकल्पाचे पैसे संस्थेच्या नावाने येतात आणि उपकरणं, रसायनं, प्रवास, मनुष्यबळ असे बांधलेले असतात. एका बाबीचे दुसरीकडे वळवायला परवानगी लागते. वर्षाअखेरीला जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, शिल्लक राहिलं तर परत. त्यातून बंगला बांधणारा गाइड कोणाला भेटला असेल तर त्याने मेसेज नव्हे, तक्रार करावी.

बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप मेसेजमध्ये नाहीतच, खरं तर जेआरएफ नसलेल्यांनी त्यांच्याकडेच बघायला हवं. त्या त्या समाजघटकांसाठी जाहिरात निघते, पीएचडीची नोंदणी झालेल्यांनी अर्ज करायचा, कागदपत्रांची पडताळणी होते. एका वेळी दोन फेलोशिप इथेही चालत नाहीत.

भाचीच्या निकालपत्रावर दुसरा प्रकार आहे. म्हणजे जेआरएफ नाही, तासिका सोडायचा प्रश्नच नाही. तिच्या हातात आहेत ते गुण, आणि पीएचडी प्रवेशासाठी ते एकच वर्ष चालतात.