कंजुषी नाही हो, तापमान!

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहून टाकलं. सकाळी वाचलं तेव्हा माझं मलाच तिखट लागलं, म्हणून पुसलं. हे दुसरं.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी: मी लिहिलं होतं की रोज ऑफिसला न्यायच्या जुन्या मियाटाला (माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार; माझी १९९२ ची, १.६ लिटर इंजिनवाली) चांगल्या प्रतीचे साधे सिरॅमिक ब्रेक पॅड पुरतात, रेस पॅड (शर्यतीच्या ट्रॅकसाठीचे) रस्त्यावर आणू नयेत. त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘ब्रेकमध्ये कंजुषी कसली करता? लोक तुमचं ऐकून गाडी ठोकून बसतील. माझीही १.६ च आहे. पुढे रेस पॅड टाकलेत, मागचे बदलायची कटकट म्हणून तिथे साधेच ठेवलेत, दोन वर्षांत काही झालेलं नाही. आणि अख्ख्या लेखात एका पॅडचं नाव नाही, मग वाचून करायचं काय?’

कंजुषीचं आधी. रेस पॅड माझ्याकडेही होते. अजून आहेत, गराजमधल्या खोक्यात. तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने चारही चाकांना लावले होते. डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टॉप साइन आहे, घरापासून दोनशे मीटरवर. रोजच्यासारखा ब्रेकवर पाय ठेवला. पेडल दगडासारखं कडक, आणि गाडी आपली निघालीच आहे पुढे. आणखी दाबलं. थांबली, पण पांढरी रेघ ओलांडून, अर्धं नाक चौकात. आडवं कोणी आलं नाही हे नशीब. वर आवाज असा, की साताऱ्याहून आलेल्या सासूबाई दर सिग्नलला विचारायच्या, “गाडी रडते का हो ही?”

यात पॅडचा दोष नव्हता. तवा तापायच्या आत घावन घातलं तर पिठाला बोल लावून काय उपयोग? ते पॅड तापल्यावर चावण्यासाठीच, म्हणजे घट्ट धरण्यासाठीच, बनवलेले होते आणि मी त्यांना गार डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड जिला दाबतात ती) कामाला लावलं होतं. हल्लीचे काही ट्रॅकचे पॅड गारठ्यातही बरे धरतात, हे मान्य. पण ‘रेस’ असं छापलेलं आहे म्हणून ब्रेक लवकर लागेल, हा समज सोडा.

तुम्ही म्हणाल, पॅडच्या कडेवर कोड असतो की, तो बघून घ्यायचा. असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पॅडवर शेवटी दोन अक्षरं सापडतात, ‘एफएफ’, ‘जीजी’ वगैरे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर थंड असतानाचं, दुसरं गरम असतानाचं. मीही अनेक वर्षं यावर विसंबून होतो. मग चाचणी कशी घेतात ते वाचलं. पॅडचा इंचभर चौकोनी तुकडा कापून फिरत्या ड्रमवर दाबतात, आणि ‘थंड’ अक्षरासाठीची मोजमापं सुरू होतात सुमारे ९३ अंश सेल्सिअसला! गरमची संपतात ३४३ अंशांच्या आसपास. म्हणजे माझ्या पाच अंशांच्या डिसेंबरबद्दल तो कोड अवाक्षर काढत नाही, आणि ट्रॅकवर डिस्क त्याही वर गेली तर तिथेही गप्प. मधल्या पट्ट्यापुरता तो खरा.

आता ‘जास्त चावणारा पॅड म्हणजे गाडी लवकर थांबते’ याबद्दल. पॅड चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो टायर. तुमची गाडी माझ्यासारखीच एबीएसशिवायची (जोरात ब्रेक लागला तरी चाक लॉक होऊ न देणारी, म्हणजे फिरायचं थांबू न देणारी यंत्रणा नसलेली) असेल तर रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी ५० ला जोरात ब्रेक मारून बघा. साध्या पॅडवर चाकं लॉक होत असतील, आणि हजार किलोच्या आतबाहेरच्या या गाडीत ती होतात, तर पॅडकडे पकड मुबलक आहे, संपली ती टायरची. तिथे आणखी भारी पॅड टाकून चाकं नुसती आधी लॉक होतील. खर्चच करायचा तर चांगल्या टायरवर करा.

तुमच्या प्रतिक्रियेतलं जे वाक्य वाचून मला खरंच काळजी वाटली ते वेगळंच आहे: पुढे रेस, मागे साधे. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून कारखान्यातूनच पुढचे ब्रेक भारी आणि मागच्यांचा दाब आवरलेला असतो, पुढची चाकं आधी लॉक व्हावीत असा हिशेब करून. पुढची लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर शेपूट पुढे येतं. तुमच्या जोडीत पॅड तापलेले असताना पुढचे जास्त धरतात आणि मागचे जवळजवळ फुकट बसून असतात. अंतर थोडं वाढेल, पण गाडी सरळ राहील. दोन वर्षं काही झालं नाही ते त्यामुळे. पण गार, ओल्या सकाळी पारडं फिरतं. पुढचे रेस पॅड झोपलेले, मागचे साधे टक्क जागे. पुढचं काही लागत नाही म्हणून तुम्ही पाय आणखी दाबता, आणि त्या दाबाने मागची चाकं धरतात. इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, जानेवारीच्या पावसात डोंगरातल्या हायवे नऊने सॅराटोगाकडे उतरताना, एखाद्या वळणात हे झालं तर? पुढे-मागे एकाच जातीचे पॅड ठेवा, एवढंच माझं म्हणणं. दोन्हीकडे भारी चालतील, दोन्हीकडे साधेही चालतील.

आणि मागचे बदलायची कटकट म्हणालात, ती बहुतेक पिस्टन (पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) आत जात नाही म्हणून. पुढच्यासारखा सी-क्लॅम्प लावून दाबलात तर जाणारही नाही, उलट आतली यंत्रणा बिघडेल, कारण हँडब्रेक त्याच पिस्टनवर चालतो. आधी हँडब्रेक सोडा. कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन धरून ठेवणाऱ्या भागाच्या) मागच्या अंगाला १४ मिलिमीटरचा एक बोल्ट दिसेल. ते नुसतं झाकण. ते काढलं की आत ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचं भोक. की घड्याळाच्या उलट फिरवा, पिस्टन निमूट आत सरकतो. नवे पॅड बसवा, पॅड डिस्कला टेकेपर्यंत सुलट फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने फिरतंय ना बघा, झाकण लावा. पहिल्यांदा मला यात अख्खा रविवार गेला होता, कारण झाकण हे झाकण आहे हेच माहीत नव्हतं. आता एका बाजूला वीस मिनिटं लागतात.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. मी ‘रोजच्या वापरातली गाडी’ म्हणत राहिलो आणि लेखाच्या डोक्यावर फोटो लावला लगुना सेका या रेस ट्रॅकचा. वाचणाऱ्याने काय समजायचं? चूक माझी. मॉन्टेरेजवळच्या त्या ट्रॅकवर सरळ पट्टा संपवून दुसऱ्या वळणाला, अँड्रेटी हेअरपिनला, ब्रेक मारतो तेव्हाचा हिशेब करून पाहिला. गाडी आणि मी मिळून १,०५० किलो धरू. ताशी १६० वरून ७० वर यायचं तर सुमारे ८४० किलोज्यूल ऊर्जा पॅड आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. गावात ताशी ५० वरून सिग्नलला थांबताना उतरते १०० च्या आसपास. म्हणजे आठ सिग्नल, एका दमात, तीनेक सेकंदांत. मग आणखी वळणं, आणि दोन मिनिटांच्या आतबाहेर परत तेच. साधा पॅड याला पुरत नाही. त्याला बांधून ठेवणारं रेझिन जळायला लागतं, पॅड आणि डिस्कच्या मध्ये वायू सुटतो, पेडल कडकच राहतं पण गाडी धरत नाही. खंबाटकी उतरताना पुढच्या ट्रकच्या लायनरचा जो वास नाकात जायचा, तोच वास. वर्षातून दोनदा का होईना ट्रॅकवर जात असाल तर त्या दिवसापुरता वेगळा संच ठेवा, आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदला.

दुसरी माझी चूक मोठी आहे. ब्रेक ऑइलबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. पेडल कडक राहून ब्रेक लागत नसेल तर पॅड गेला. पेडल मऊ होऊन तळाला जात असेल तर ऑइल उकळलं, आणि मग पॅड कितीही भारी असो, काही उपयोग नाही. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असा नियम आहे, पाणी मुरल्यावर १५५. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. ते हवेतलं पाणी शोषतच राहतं, गाडी नुसती उभी असली तरी. भारी पॅड घालून पाच वर्षांचं काळपट ऑइल तसंच ठेवणं म्हणजे पैठणीला फाटकं अस्तर.

नावाचं म्हणाल तर ते मुद्दाम नव्हतं दिलं. आपल्या कॅलिफोर्नियात २०१० मध्ये कायदा झाला: पॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याखाली आणायचं. ब्रेकची भुकटी पावसाबरोबर ओढ्यांत, तिथून खाडीत जाते आणि त्यातलं तांबं माशांना बाधतं, म्हणून. तांबं उष्णता वाहून न्यायचं काम करायचं, ते काढल्यावर मिश्रणं बदलावी लागली. खोक्यावर नाव तेच, आतला माल दुसरा. दहा वर्षांपूर्वीचं कौतुक वाचून आज पॅड घेऊ नका. खोक्यावर ‘एन’ अक्षर आणि तीन भरलेली पानं (तांबं ०.५ टक्क्याखाली असल्याची खूण) आहेत का बघा, आणि उत्पादकाने दिलेला तापमानाचा पट्टा वाचा. शिवाय १.६ आणि १९९४ नंतरच्या १.८ चे पॅड वेगळे आहेत, डिस्कच मोठी आहे त्यांची, तेव्हा ऑर्डर करताना वर्ष तपासा. हा गाढवपणा मी करून बसलोय.

नवे पॅड लावलेत की पहिल्याच दिवशी ‘पी हळद अन् हो गोरी’ नको. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरवरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग न थांबता गार होईपर्यंत चालवा. गरम पॅड डिस्कवर दाबून उभे राहिलात तर तिथे त्याचा डाग चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. लोक त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते.

फोटो आज बदलतोय, ऑइलचा परिच्छेद लेखात घालतोय, तुमच्यामुळे घातला असं लिहूनच. मागचे पॅड एकट्याने बदलायचे नसतील तर रविवारी गाडी घेऊन या, जॅक आणि अ‍ॅलन की माझ्याकडे आहे. येताना ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते आठवून या. आठवत नसेल तर डॉट ४ चा एक डबाही घेऊन या.