काका आणि काकाकुवा

तीन महिने खपून मी जी तलवार राखली होती, तिला काल आमच्याकडे चहाला आलेल्या एका काकांनी चिंच लावली आणि वर 'येत जा, काका' असे मलाच म्हणावे लागले.

तलवार मोरो लोकांची, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधील मिंदानाव आणि सुलू भागातल्या मुसलमानांची. मोरो हे नाव त्यांना स्पॅनिशांनी दिले. अमेरिकन सैन्य तिथे १८९९ ते १९१३ या काळात लढले आणि परतताना सैनिकांनी असल्या तलवारी आठवण म्हणून आणल्या, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एका दिवंगत गृहस्थांच्या सामानविक्रीत ही मला मिळाली, तीही 'जपानी' अशी चिठ्ठी अडकवलेली. म्यानाच्या दोन्ही फळ्या सुटलेल्या आणि त्यांवर कोणा महाभागाने विजेच्या तारांची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली! ती सोलण्यात, चिकटा खरवडण्यात आणि भिजवलेल्या वेताच्या पट्ट्यांनी फळ्या पुन्हा बांधण्यात किती शनिवार गेले, ते आमच्या घरात मोठ्याने विचारायची सोय नाही.

काका सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून मुलाकडे आलेले आहेत. त्यांनी तलवार दोन्ही हातांवर घेतली, कपाळाला लावली आणि जाहीर केले, "ही आपली आहे."

"काका, ही मोरो क्रिस आहे, फिलिपिन्सची."

"अरे, लुटीत गेली असेल तिकडे. पण वापरणाऱ्याने हाल केलेत. बघ, किती ठिकाणी वाकलीय! लोहाराकडून सरळ करून घेतली नाहीस?"

क्रिसचे पाते पुष्कळदा मुळातच नागमोडी घडवतात, वळणांची संख्या विषम असावी असा संकेत आहे आणि हिची वळणे सात आहेत, हे मी शांतपणे सांगितले. काकांनी बोट फिरवून मोजली आणि ती सहा भरवली. मी पुन्हा मोजली, त्यांनी पुन्हा मोजली. पहिले वळण कुठून धरायचे यावर चहा निवला.

मग मी माझे हुकमी पान काढले. पाते मुठीपाशी रुंद होते, तो भाग जुन्या क्रिसमध्ये वेगळा तुकडा असतो, तर विसाव्या शतकातल्या पुष्कळ क्रिसमध्ये तिथे नुसती रेघ कोरलेली असते. माझ्या तलवारीचा सांधा खरा आहे. दिव्याखाली तिरपी धरली की केसाएवढी फट दिसते, आणि ती प्रथम दिसली त्या रात्री मला झोप आली नव्हती. "या तुकड्याला गंग्या म्हणतात," मी अभिमानाने म्हणालो.

"गंग्या? आमच्या धाकट्या चुलत्याला गंग्या म्हणायचे. म्हणजे मराठीच की!"

त्याच गंग्याच्या एका टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा आकार असतो. माझ्या दुर्दैवाने काकांना तो दिसला, त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या मुलाला बाप्पा दाखवला. मुठीच्या टोकाला पक्ष्याचे डोके असते, त्या घाटाला काकातुआ म्हणतात, आपला काकाकुवा तो हाच, असे मी सांगू पाहिले. पण काकांच्या मते तो गरुड होता, आणि घरात वडीलधाऱ्यांच्या मताला जे वजन असते ते माझ्या तीन महिन्यांच्या वाचनाला नाही.

मला खरा राग येतो तो याचाच. मिंदानावच्या कोण्या लोहाराने लोखंडाचे थर एकमेकांत घडवून ही वस्तू केली. ती विकणाऱ्याला जपानी वाटली, काकांना मराठी, आणि ज्यांची होती त्यांचे नाव घेणारा मी या घरात हेकट ठरलो.

एक फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. परतलो तेव्हा काका स्वयंपाकघरात, बाही वर करून, पाते मुठीशी आवळून धरणाऱ्या पितळी पट्ट्या चिंच-मिठाने घाशीत होते. शंभर वर्षांत त्यांवर चढलेली काळसर तपकिरी झाक, जिला मी श्वासही लागू दिला नव्हता, ती नळाखालून वाहून गेली. चिंच आमच्याच डब्यातली, सौभाग्यवतींनी काढून दिलेली.

"आता कशी देवघरातल्या समईसारखी दिसते!" काका म्हणाले. सौभाग्यवतींनाही तसेच वाटले.

येत्या रविवारी ते म्यानाला खोबरेल तेल पाजायला येणार आहेत. आम्ही बाहेरगावी जाणार असल्याचे मी कळवले, तर म्हणाले, किल्ली शेजारी ठेवून जा.